लॅपटॉपसाठी हेडसेट : निवड आणि वापर

तालुक्याच्या बैठकीस जावयाचे म्हणजे सकाळची पहिली एस. टी. गाठावयाची आणि दिवेलागणीला घरी परतावयाचे, हा ग्रामीण भागातील पदाधिकाऱ्यांचा व शिक्षकांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. तो आजही पूर्णपणे संपलेला नाही. परंतु मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी आली आणि बैठका, प्रशिक्षणवर्ग, सुनावण्या व आढावे यांचा मोठा भाग लॅपटॉपच्या पडद्यावर आला. साथ ओसरल्यानंतरही त्यातील बराचसा तेथेच राहिला. या व्यवस्थेत पडद्यावरील चित्र थोडे अंधूक असले तरी काम अडत नाही. आवाज मात्र स्पष्ट नसेल तर बैठक झाली काय आणि न झाली काय, सारखेच. गट क्रमांक सात की साठ, रक्कम पंचावन्न हजार की पंच्याण्णव हजार, हे पलीकडच्या टोकाला बसलेल्या माणसाने चुकीचे ऐकले, तर ती चूक इतिवृत्तात जाते आणि पुढे पत्रव्यवहार करीत ती निस्तरावी लागते.

अशा वेळी ‘नेट नाही’ हे हाताशी असलेले उत्तर दिले जाते. ते कित्येकदा खरेही असते. तथापि, अनेक प्रसंगी दोष जोडणीचा नसून बोलणाऱ्याच्या तोंडापासून लॅपटॉपपर्यंतच्या हातभर अंतराचा असतो. हे अंतर मिटविण्याचे साधन म्हणजे हेडसेट. ते तुलनेने अल्प किमतीचे आहे, पण निवडताना चार गोष्टी ठाऊक नसल्यास शासकीय पैसाही जातो आणि कानही दुखावतात.

लॅपटॉपचा माइक अपुरा का पडतो?

लॅपटॉपचा माइक सामान्यतः पडद्याच्या वरच्या कडेला बसविलेला असतो. बोलणारी व्यक्ती त्यापासून सुमारे अर्ध्या मीटरवर असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते, हा ध्वनीचा नियम आहे. तोंडापासून ५ सेंटीमीटरवर असलेल्या माइकपेक्षा ५० सेंटीमीटरवरील माइकला तोच आवाज २० डेसिबलने कमी मिळतो. छतावरचा पंखा, शेजारच्या टेबलावरील संभाषण, रस्त्यावरची वाहने यांचा गोंगाट मात्र दोन्ही माइकना जवळजवळ सारखाच पोहोचतो. म्हणजे बोलणे दुबळे होते आणि गोंगाट तेवढाच राहतो. यंत्राने आवाज वाढविला तर गोंगाटही त्याबरोबर वाढतो.

त्यात आपल्या शाळा व कार्यालये यांच्या खोल्या. उघड्या भिंती, फरशी, पत्र्याचे छप्पर, पडदा नाही की सतरंजी नाही. अशा खोलीत शब्द भिंतीवर आपटून परततो आणि पुढच्या शब्दावर चढतो. समोरासमोर बसलेल्या माणसाचे दोन्ही कान ही सरमिसळ बरीचशी निस्तरतात, कारण आवाज कोणत्या दिशेने येतो हे मेंदू ओळखतो. एकट्या माइकला ते साधत नाही.

दुसरा दोष प्रतिध्वनीचा. लॅपटॉपच्या स्पीकरमधून दुसऱ्याचा आवाज बाहेर पडतो, तोच आवाज त्याच लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरतो आणि मूळ बोलणाऱ्याला स्वतःचेच शब्द क्षणभर उशिराने ऐकू येतात. असे झाले की चांगला वक्ताही अडखळतो. बैठकीची संगणकप्रणाली हा प्रतिध्वनी पुसण्याचा प्रयत्न करते, पण दोघे एकदम बोलू लागले की पुसता पुसता शब्दच खोडते. गंमत अशी की ज्याच्या लॅपटॉपमुळे हे घडते त्याला ते ऐकू येत नाही, इतरांनाच येते. हेडसेट वापरल्यास बाहेर येणारा आवाज कानापाशीच राहतो, माइककडे जात नाही, आणि हा दोष मुळातच नाहीसा होतो.

दोन घराणी

बाजारात ‘हेडफोन’ या एकाच नावाखाली जी साधने मांडलेली असतात, त्यांची वस्तुतः दोन घराणी आहेत. एक ऐकण्याचे आणि दुसरे बोलण्याचे. ट्रंक कॉलच्या काळात टेलिफोन केंद्रातील ऑपरेटर डोक्याला अडकविलेल्या साधनाने दिवसभर बोलत असत, ते बोलण्याचे घराणे. हात मोकळे राहावेत, माइक तोंडाशी यावा आणि शब्द कळावा एवढीच त्याची प्रतिज्ञा. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावरून उच्चारलेले शब्द पृथ्वीवर पोहोचले ते प्लँट्रॉनिक्स कंपनीच्या अशाच हेडसेटमधून. दुसऱ्या घराण्याचा आरंभही मजेदार आहे. अमेरिकेतील यूटा राज्यातील नॅथॅनियल बाल्डविन यांनी आपल्या स्वयंपाकघरात बसून तयार केलेले कर्णध्वनियंत्र १९१० मध्ये अमेरिकी नौदलाने तपासले आणि त्याची मागणी नोंदविली. तेही ऐकण्यासाठीच, बिनतारी संदेश टिपण्यासाठी. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी संगीतासाठी स्टीरिओ हेडफोन आणला, १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनबरोबर हलका हेडफोन तरुणांच्या कानावर चढला, आणि आज दुकानात जे दिसते त्यातील बहुतांश या संगीताच्या घराण्यातील आहे.

कार्यालयाला व वर्गाला लागतो तो पहिल्या घराण्यातील. त्याची खूण म्हणजे गालाजवळ येणारी माइकची दांडी. संगीताच्या हेडफोनमध्ये माइक असलाच तर तो कानाच्या वाटीत किंवा वायरीवर लपविलेला असतो. गाणे गोड लागते, पण बोलणे दूरचे वाटते. वायरीवरचा माइक शर्टाच्या गुंडीला घासतो आणि पलीकडच्या माणसाला खरखर ऐकू येते, हा अनुभव पुष्कळांना असेल.

दांडीचा माइक ओठांच्या अगदी समोर धरू नये. तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन बोटे बाजूला व किंचित खाली असावा. मराठीत ‘फ’, ‘भ’, ‘ख’, ‘ठ’ असे श्वासाचा झोत सोडणारे महाप्राण वर्ण पुष्कळ आहेत. माइक समोर असल्यास हा झोत थेट त्यावर आदळतो आणि प्रत्येक ‘भाऊसाहेब’ला फटाका वाजल्यासारखा आवाज होतो.

जोडणीचा प्रश्न

हेडसेट लॅपटॉपला तीन प्रकारे जोडता येतो : गोल पिनेने, यूएसबीने किंवा बिनतारी ब्लूटूथने. खरेदीतील सर्वाधिक चुका गोल पिनेबाबत होतात. ही पिन ३.५ मिलिमीटर व्यासाची असते. तिच्याकडे निरखून पाहिल्यास काळ्या कड्या दिसतात. दोन कड्या असतील तर ती केवळ ऐकण्याची पिन. तीन कड्या असतील तर तीत माइकचीही सोय असते. जुन्या लॅपटॉपला व टेबलावरील संगणकाला बहुधा दोन छिद्रे असतात, हिरवे ऐकण्यासाठी आणि गुलाबी माइकसाठी. अलीकडच्या लॅपटॉपला एकच छिद्र असते व त्यात तीन कड्यांची पिन लागते. दोन पिनांचा हेडसेट एका छिद्राच्या लॅपटॉपला जोडला की ऐकू येते, पण आपला आवाज जात नाही; मग ‘माल सदोष’ असा शेरा मारून तो परत पाठविला जातो. वास्तविक थोड्या रुपयांत मिळणारा जोडतुकडा लावला की तोच हेडसेट चालतो. मागणीपत्र लिहिण्यापूर्वी लॅपटॉपच्या कडेची छिद्रे पाहावीत, एवढी साधी ही खबरदारी आहे.

यूएसबी हेडसेटमध्ये आवाजाचे विद्युत्‌संकेतांत व अंकांत रूपांतर करणारा भाग हेडसेटमध्येच असतो. लॅपटॉपमधील तो भाग जुना किंवा खरखर करणारा असला तरी त्याची बाधा होत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे व वयाचे लॅपटॉप असलेल्या शाळेस किंवा पंचायत समितीस हाच प्रकार सर्वात निर्धास्त म्हणावा लागेल. मात्र काही नव्या लॅपटॉपना जुन्या चपट्या यूएसबीऐवजी केवळ लहान ‘टाइप सी’ छिद्रे असतात, हे आधी पाहून घ्यावे. हेडसेट जोडल्यानंतर बैठकीच्या प्रणालीत माइक व स्पीकर म्हणून त्याचीच निवड करावी लागते. ती न केल्यास हेडसेट डोक्यावर असतो आणि बोलणे जाते ते लॅपटॉपच्याच माइकमधून! शिवाय आवाज बंद करण्याची कळ प्रणालीत एक व पुष्कळदा हेडसेटच्या वायरीवर दुसरी असते. एक उघडी व एक बंद ठेवून तावातावाने बोलणारे सन्माननीय सदस्य कोणत्याही दूरस्थ बैठकीत आढळतात.

बिनतारी साधनांची मर्यादा

ब्लूटूथ हेडसेटला वायर नाही, त्यामुळे तो सुटसुटीत वाटतो. त्याची एक मर्यादा मात्र विक्रेता सहसा सांगत नाही. पारंपरिक ब्लूटूथमध्ये गाणे ऐकण्याची पद्धत वेगळी आणि संभाषणाची वेगळी आहे. गाण्याची पद्धत एकमार्गी असते व तीत आवाज भरघोस येतो. माइक सुरू होताच साधनाला दुहेरी वाहतुकीच्या पद्धतीत जावे लागते आणि त्याच क्षणी आवाजाचा दर्जा उतरतो. जुन्या साधनांत तो साध्या टेलिफोनच्या पातळीवर येतो. टेलिफोनचा ध्वनिपट्टा ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच असे. ‘स’, ‘श’ यांसारख्या ऊष्म वर्णांची ओळख पटविणारे सूक्ष्म ध्वनी त्याच्या वर असतात. ते कापले गेले की ऐकणाऱ्याला संदर्भावरून अंदाज बांधावा लागतो. ओळखीच्या विषयात अंदाज बरोबर येतो. व्यक्तिनामे, गावांची नावे व आकडे यांत तो फसतो. नव्या साधनांत रुंद पट्ट्याचे संभाषण होऊ शकते, आणि २०२२ मध्ये ज्याची मानके पूर्ण झाली त्या नव्या कमी ऊर्जेच्या ब्लूटूथ ध्वनिपद्धतीत ही उणीव बरीच भरून निघते. परंतु त्यासाठी लॅपटॉप व हेडसेट दोन्ही त्या पद्धतीचे असावे लागतात.

याशिवाय ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते आणि वायफायचा मोठा भागही त्याच पट्ट्यात असतो. एका सभागृहात तीस-चाळीस जणांनी बिनतारी साधने लावली तर गर्दीचा परिणाम जाणवू शकतो. बॅटरी हा आणखी एक मुद्दा. ती दरवर्षी थोडी थोडी क्षीण होत जाते, आणि पुष्कळ साधनांत ती बदलता येत नाही. भारनियमनाच्या गावात, तीन तास चालणाऱ्या सुनावणीच्या मध्यावर बंद पडणारे साधन महाग असूनही निरुपयोगी ठरते. फिरतीवर असणाऱ्या अधिकाऱ्यास बिनतारी साधन सोयीचे वाटेल. टेबलापाशी बसून काम करणाऱ्यास वायरच बरी.

‘गोंगाट रोखणारा’ म्हणजे कोणाचा?

जाहिरातीत गोंगाट रोखण्याचा उल्लेख असतो, पण तो दोन अगदी भिन्न गोष्टींना उद्देशून केला जातो. पहिली सोय ऐकणाऱ्यासाठी असते. हेडफोनमधील छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमकी उलट लहर कानात सोडतो. दोन्ही लहरी परस्परांना खाऊन टाकतात. या कल्पनेचे पेटंट जर्मनीतील पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये अमेरिकेत मिळाले होते. हेडफोनमध्ये ती व्यवहारात आणण्याचे मोठे श्रेय अमर बोस यांचे. त्यांचे वडील बंगालमधील स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्ते, इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे अमेरिकेत गेलेले. बोस हे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. १९७८ मध्ये युरोपातून बोस्टनला परतताना विमानाच्या घरघरीपुढे हेडफोनमधील संगीत ऐकू येईना, तेव्हा प्रवासातच त्यांनी कागदावर गणिते मांडली. त्यावर आधारलेला वैमानिकांचा हेडसेट १९८९ मध्ये विक्रीस आला. ही पद्धत विमान, पंखा, जनित्र यांच्या सलग व खालच्या पट्टीतील घरघरीवर उत्तम चालते. शेजारच्या माणसाच्या बोलण्यावर ती तितकी चालत नाही.

दुसरी सोय माइकमध्ये असते आणि तिचा लाभ पलीकडच्या श्रोत्याला होतो. दिशा ओळखणारा माइक व त्यामागील गणन यांच्या साह्याने बोलणाऱ्याभोवतीचा कोलाहल गाळला जातो. कार्यालयासाठी व वर्गासाठी महत्त्वाची ती ही दुसरी सोय. पहिल्या सोयीसाठी जादा पैसे मोजून दुसरीची अपेक्षा करणारे ग्राहक निराश होतात, यात नवल नाही.

कान आणि मुले

आंतरकर्णातील शंखाकृती भागात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात. प्रत्येक कानात त्या साधारण पंधरा हजार, आणि माणसात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने होणारे बहिरेपण हळूहळू येते, दुखत नाही आणि बरे होत नाही. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित श्रवणाचे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्यास ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्म्यावर येते. म्हणजे प्रौढाने ९० डेसिबलवर आठवड्यात सुमारे चार तासांपेक्षा अधिक ऐकू नये.

येथे हेडसेटच्या रचनेचा थेट संबंध येतो. सभोवती गोंगाट असला की माणूस आवाज वाढवितो, आणि किती वाढविला हे त्याला कळत नाही. कान पूर्ण झाकणारी, मागून बंद असलेली वाटी बाहेरचा आवाज अडविते, त्यामुळे कमी पातळीवरही ऐकू येते. कानावर नुसती टेकणारी छोटी गादी तेवढे अडवीत नाही. रस्त्यालगतच्या शाळेत मुलांसाठी कान झाकणारा हेडसेट घेणे म्हणूनच हौसेचे नव्हे. आवाजाची कमाल पातळी बांधून दिलेले मुलांचे हेडफोनही मिळतात, तरीही शिक्षकाने स्वतः कानाला लावून पाहणे इष्ट. ध्वनिदर्शक पट्टी साठ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा संकेत पाळावा, आणि तासाभराने कानाला विश्रांती द्यावी. वर्गानंतर कानात गुणगुण वाटत असल्याचे एखादे मूल सांगू लागले तर त्याकडे दुर्लक्ष न करता आवाज कमी करावा व ती तक्रार टिकून राहिल्यास वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या व्यक्तीस कान पूर्ण झाकणारा हेडसेटच सोयीचा पडतो, कारण यंत्र न काढता तो वर चढविता येतो. खिडकीवर नागरिकांशी बोलत असताना मधूनच बैठकीकडे लक्ष ठेवावे लागणाऱ्या कर्मचाऱ्यास एका कानाचा हेडसेट बरा. दोन-तीन तासांच्या प्रशिक्षणास मात्र दोन्ही कानांचाच घ्यावा. एका कानाने ऐकण्यात थकवा लवकर येतो.

सामाईक वापरातील गाद्या हा दुर्लक्षित विषय आहे. रेक्झिनच्या गाद्या पुसून काढता येतात, पण उन्हाळ्यात घाम धरतात व कोकणच्या दमट हवेत दोन वर्षांत सोलवटतात. कापडी गाद्या हवेशीर, पण धुतल्याखेरीज निर्मळ राहत नाहीत. गाद्या सुट्या बदलता येतील असाच नमुना निवडावा, आणि एका तासाच्या मुलांनंतर दुसऱ्या तासाची मुले बसण्यापूर्वी त्या पुसाव्यात. कानात घालावयाचे बोंडाचे इअरफोन सामाईक ठेवूच नयेत.

जेथे हेडसेट नको आणि जेथे हवाच

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एका लॅपटॉपभोवती सात-आठ सदस्य बसून बैठक ऐकत असतील, तर हेडसेटचा उपयोग नाही. तेथे टेबलाच्या मध्यभागी ठेवावयाचा, चहूकडून आवाज टिपणारा स्पीकरफोन घ्यावा.

याउलट काही कामांत हेडसेट ही सोय नसून गरज आहे. ई-संजीवनी या केंद्र शासनाच्या दूरवैद्यक सेवेत आरोग्य केंद्रातून लांबच्या डॉक्टरांशी बोलता येते. रुग्ण स्त्री आपल्या तक्रारी सांगत असताना डॉक्टरांचे प्रश्न व उत्तरे बाहेरच्या बाकावर बसलेल्या गावकऱ्यांना ऐकू जाणे योग्य नव्हे. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी, बालकांसंबंधीच्या चौकश्या यांनाही हेच लागू. अशा जागी मागून उघड्या वाटीचा हेडफोन घेऊ नये. त्यातून आवाज बाहेर झिरपतो.

खोक्यावरील आकडे आणि खरेदी

२० ते २०,००० हर्ट्झ हा आकडा बहुतेक प्रत्येक खोक्यावर छापलेला असतो. माणसाच्या श्रवणाची ती साधारण कक्षा आहे. पण त्या कक्षेत आवाज किती समतोल येतो हे त्यावरून कळत नाही, म्हणून हा आकडा निवडीस फारसा कामाचा नाही. विद्युत्‌रोध १६ ते ३२ ओहमच्या आसपास असावा. २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन ध्वनिमुद्रणशाळांसाठी असतात व लॅपटॉपवर क्षीण वाजतात. रंगीबेरंगी दिवे आणि खेळांसाठीचा ‘सभोवार ध्वनी’ यांचे मोल शासकीय खर्चातून देण्याचे कारण नाही. वजन मात्र अवश्य पाहावे, आणि वायर पिनेपाशी व वाटीपाशी जेथे वाकते तेथे रबरी आवरण आहे की नाही हेही. हेडसेट बहुधा तेथेच तुटतो.

बिनतारी हेडफोन व इअरफोन भारतीय मानक ब्यूरोच्या अनिवार्य नोंदणीखाली येतात. अशा साधनावर मानकचिन्ह व ‘आर’ने आरंभ होणारा नोंदणी क्रमांक असतो, आणि तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर पडताळता येतो. निकामी झालेली साधने, विशेषतः बॅटरी असलेली, कचऱ्यात न टाकता १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार अधिकृत पुनर्चक्रणाकडे द्यावयाची आहेत, तेव्हा जडवस्तू नोंदवहीतून ती निर्लेखित करतानाच त्याची व्यवस्था लावावी.

अनेक नग घ्यावयाचे असल्यास आधी एक नमुना मागवावा. लॅपटॉपवर तो जोडून एखाद्याने सातबाऱ्यावरील नावे व आकडे वाचून ध्वनिमुद्रित करावेत, आणि ज्याने तो उतारा पाहिलेला नाही अशा दुसऱ्याने ते ऐकून कागदावर उतरवावेत. चाचणी बंद खोलीत नव्हे, तर पंखा सुरू ठेवून, कार्यालयात गर्दी असते त्या वेळी किंवा मधल्या सुट्टीत, मुले ओसरीवर असताना घ्यावी. उतरविलेले आकडे मूळ उताऱ्याशी जुळले तर पुढील मागणी नोंदवावी.